पाच घरांचा जोगवा

ज्याला कधी कुणाकडे काही मागावं लागत नाही, त्याचं बरं चाललं आहे असं आपण समजतो. ही गोष्ट अशाच एका बरं चाललेल्या घराची आहे.

घर जर्मनीतल्या कोलोन शहरातलं. नवरा इंजिनिअर, बायकोही नोकरी करणारी, थोरली मुलगी सात वर्षांची आणि धाकटा मुलगा तीन वर्षांचा. सुट्टी लागली की ही मंडळी गाडी काढत. बेल्जियम, नेदरलँड्स तर तिथून हाकेच्या अंतरावर. एका उन्हाळ्यात थेट आल्प्सपर्यंत जाऊन आली होती. लहान मुलांना घेऊन एवढा प्रवास करायचा म्हणजे तयारी आलीच. त्या देशात गाडीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि चमकतं जाकीट ठेवावंच लागतं. बारा वर्षांच्या आतलं आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल वेगळ्या खुर्चीतच बसवावं लागतं. एवढं कायद्यानं सांगितलेलं. त्यावर नवऱ्याची स्वतःची यादी असे: दोन्ही मुलांच्या कपड्यांचे तीन-तीन जोड, ओले रुमाल, ताप-उलटी-जुलाबाची औषधं, ओआरएसच्या पुड्या, उकळून गार केलेलं पाणी, सुका खाऊ, चित्रांची पुस्तकं. सगळं एका निळ्या पिशवीत. “वाटेत कुणापुढे तोंड वेंगाडायची वेळ येता कामा नये,” हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकतच मुलं मोठी होत होती.

या तयारीला मी नावं ठेवणार नाही. परदेशात मूल रात्री तापानं फणफणलं तर उठवायला कुणी नसतं. आईबाप दोघंच असतात आणि सकाळी दोघांनाही कामावर जायचं असतं. तिथं ती निळी पिशवी म्हणजे घरातली आजीच होती.

तो माणूस मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. लोहारा तालुक्यात सास्तूरच्या बाजूला एक खेडं आहे, तिथला. आई, म्हणजे माई, सोलापूरला लेकीकडे राहायची. एका वर्षी कोलोनच्या शाळांची शरद ऋतूतली सुट्टी आणि नवरात्र जुळून आलं. तेव्हा माईनं फोनवर सांगितलं, “या वर्षी लेकरांना घेऊन ये. तुळजापूरच्या आईच्या पाया पडू, गावाकडं जाऊन येऊ. आणि जोगवा तू मागायचा. माझ्यानं आता पाच घरं फिरणं होत नाही.”

तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे, अशा कितीतरी घरांत नवरात्रात परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायची रीत आहे. त्यातही मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हातात वेताची परडी घ्यायची आणि दाराशी उभं राहून ‘जोगवा वाढा माय’ म्हणायचं. आतून पसाभर पीठ, चिमूटभर मीठ, मूठभर तांदूळ येतात आणि त्याचा नैवेद्य होतो. मजुरी करणारी बाई मागते, तशी पन्नास एकरवालीही मागते. घरात पोत्यांनी धान्य का असेना, त्या दिवशी दुसऱ्याच्या दाराशी जायचंच.

तो म्हणाला, “माई, देवस्थानाला देणगी देऊ. अन्नदान करू. मागायचं कशाला? मागणं लहानपणी पुरेसं झालंय.”

माईनं पुढं काही म्हटलं नाही. सोलापूरहून मंगळवारी सकाळी निघताना तिनं परडी मात्र स्वतःच्या मांडीवर घेतली.

भाड्यानं घेतलेली गाडी, मुलांच्या खुर्च्या थेट कोलोनहून विमानानं आणलेल्या. हैदराबादकडे जाणारा महामार्ग आता रुंद आहे, त्यामुळे सुरुवातीचा तासभर सुखाचा गेला. अणदूर आलं तेव्हा माईनं मुलांना खंडोबाची गोष्ट सांगितली. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. ठरलेल्या दिवशी पालखीतून त्याला नेतात आणि आणतात. थोरलीला याचं फार नवल वाटलं. “म्हणजे खंडोबाला पण दोन घरं?” तिनं दोनदा विचारलं आणि मग धाकट्याला जर्मनमध्ये समजावून सांगितलं.

नळदुर्गच्या किल्ल्यात बापाची कळी खुलली. बोरी नदी किल्ल्यात घेतलेली, तिच्यावर दगडी बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेला हा पाणीमहाल. नदी भरून वाहू लागली की पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून धबाबा कोसळतं, आणि आत बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाही. इंजिनिअर होण्याची इच्छा त्याला पहिल्यांदा इथं झाली होती. चहूकडून पाणी आणि आत कोरडं, हे त्याला लहानपणापासून आवडायचं. लेकीला खांद्यावर घेऊन त्यानं बंधाऱ्याची जाडी, उतार, सांडव्याची जागा, सगळं दाखवलं. तिला त्यापेक्षा भिंतीवरची खारूताई जास्त आवडली, पण बापाचा आनंद बघून ती ऐकत राहिली.

जळकोटच्या पुढं महामार्ग सुटला आणि थोड्याच वेळात धाकट्याला उलटी झाली. मग जुलाब. मग पुन्हा उलटी. आईनं त्याचे कपडे उतरवले आणि मागं हात घातला. पिशवी नव्हती. ती सोलापूरला बहिणीच्या दाराशी, चपलांच्या शेजारी राहिली होती. पाण्याची बाटली तेवढी होती, तीही अर्धी.

बापानं गाडी वळवायला घेतली. “तासाभरात परत सोलापूर गाठतो.”

“तासभर लेकरू असंच ठेवतोस?” माई म्हणाली. “ते बघ समोर घर हाय. थांबव तिथं.”

“ओळख ना देख...”

“थांबव.”

रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेलं एक घर होतं. अंगणात काळ्या उस्मानाबादी शेळ्या बांधलेल्या, त्यांच्या पायांत तीन-चार करडं. दारात सोयाबीन वाळत घातलेलं. बाई सोयाबीन उलथत होती. गाडीतून कोण उतरलं हे बघायच्या आधी तिनं पोराचा चेहरा बघितला. “आगं बया, डोळं किती आत गेल्यात.” एवढं बोलून ती आत गेली.

आईनं संकोचत विचारलं, “पाणी उकळलेलं आहे का?”

त्या बाईला राग आला नाही. “जारचं हाय, तरी उकळून देते,” म्हणाली. चूल पेटलेलीच होती. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तिनं मोजून घातलं. हे तिला अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं तयार केलेल्या भारतवैद्य बाईंनी शिकवलं होतं. खेड्यातल्याच बायकांना साध्या आजारांचे उपचार शिकवायचे, हे काम त्या संस्थेनं या भागात केलेलं आहे. जे कोलोनच्या औषधाच्या दुकानात पुडीत बांधून मिळतं, ते या बाईला चमच्याच्या मापानं पाठ होतं. पाणी निवल्यावर तिनं पोराला मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्यानं पाजत बसली. एकदम प्यायला दिलं तर उलटून पडतं, हेही तिला ठाऊक होतं. अर्ध्या तासात पोराच्या जिवात जीव आला आणि त्यानं करडाकडे बोट दाखवलं.

निघताना बापानं पाकीट काढलं. बाई दोन पावलं मागं सरली. “लेकराला पाणी पाजल्याचं पैसं घेत असत्यात का कुटं? बसा गाडीत. उरलेलं पाणी संगं न्या, बाटली द्या इकडं.”

पोराच्या अंगावर आईची ओढणी होती. पुढच्या वस्तीवर माईनंच गाडी थांबवली आणि एका घराच्या दाराशी जाऊन सदरा मागितला. धुऊन विटलेला, एक बटण वेगळ्या रंगाचं, असा सदरा आला. तो मापात बसतोय का म्हणून ती बाई गाडीपर्यंत आली आणि जाताना थोरलीच्या हातात दोन सीताफळं ठेवून गेली. गाडी सुरू झाल्यावर थोरलीनं विचारलं, “बाबा, आपण त्यांना ओळखतो?”

“नाही.”

“मग घ्यायचं असतं का?”

हा प्रश्न त्या मुलीनं उद्धटपणे विचारला नव्हता. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, हे तिला तिकडे घरी आणि शाळेत शिकवलेलं, आणि शहरातल्या मुलांना ते शिकवायलाच हवं. बापाला उत्तर सुचलं नाही. त्यानं काच खाली केली आणि गाडी चालवत राहिला.

सास्तूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोराला तपासलं. पाणी पाजत राहा आणि उन्हातून हिंडवू नका म्हणाले. गाव जवळच होतं. गाव म्हणजे नवं गाव: सरळ रेघांतले रस्ते, सारख्या मापाची घरं, मधे शाळा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. घरं रुंद दगडी भिंतींची, दगड मातीत बसवलेले, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या पहाटे काळ झालं. हजारो माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, त्यातलं हे एक.

एका म्हाताऱ्या चुलतीच्या घरी पोराला बाजेवर निजवलं. ती नात्यानं लांबची, वर्षानुवर्षं भेट नाही, पण तिनं कोण-कुठले न विचारता आधी बाजेवर गोधडी टाकली आणि पेज शिजत घातली. आई पोराजवळ बसली. थोरली घरातल्या पोरींबरोबर अंगणात पळाली. मग माई आपल्या लेकाला म्हणाली, “चल, जुन्या गावात जाऊन येऊ.”

जुन्या गावात आता दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी आहेत. एक आड आहे. माईला त्या ढिगांतही गल्ल्या दिसत होत्या. हे पाटलाचं, हे सुताराचं, हे आपलं. आपलं म्हणून ती जिथं थांबली तिथं त्याचा बाप आणि आजी गेले होते. तो सात वर्षांचा होता. दाराच्या चौकटीखाली पोकळी राहिली, म्हणून तो आणि माई वाचले. पुढं भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं, त्यांच्यात हाही गेला आणि शिकला.

“माई,” तो म्हणाला, “मला परडी घ्यायला लावू नकोस. मला ती रांग आठवते. घोंगड्या वाटत होते. पाऊस होता. मी हात पुढं केला तर मागून कुणीतरी म्हणालं, हा दोनदा आलाय, घ्या रे बाजूला. मी दोनदा आलो नव्हतो. त्या दिवशी मनात धरलं, पुन्हा कुणापुढं हात करायचा नाही.”

माई आडाच्या कठड्यावर बसली. “रांग आठवते. बोलणारा आठवतो. देणारा आठवतो का?”

तो बघत राहिला.

“घोंगडी मिळाली का न्हाई तुला?”

“मिळाली.”

“कुणी दिली? तोंड आठव.”

त्याला आठवेना. बोलणाऱ्याचा आवाज त्यानं इतकी वर्षं सांभाळला होता, आणि ज्यानं त्याला ओढून जवळ घेऊन घोंगडीत गुंडाळलं त्याचा चेहरा कधीच हरवला होता.

“मला एक आठवतं,” माई म्हणाली. “सोलापूरकडनं टेम्पोतनं भाकऱ्या आल्या होत्या. कापडात बांधलेल्या. मला मिळाली त्या भाकरीत घडी घालून आत ठेचा ठेवला होता. कोण खाणार हे त्या बाईला ठाऊक न्हवतं. तरी कोरडी भाकरी घशाखाली उतरायची न्हाई, एवढा इचार तिनं केला होता. तुझा बाप गेला होता रं, माझी जगायची इच्छा न्हवती. त्या ठेच्यावर मी रडले आणि भाकरी खाल्ली. तवापासनं परडी घेते. माझी सासू घ्यायची तवा मी पण लाजायचे. तुला वाटतं हात फकस्त तूच पसरलास. घोंगडी देणाऱ्यानं पण हातच पसरला होता, तुझ्याकडं. तू बघितला न्हाईस.”

तिथं ती दोघं बराच वेळ होती. काय बोलली ते माझ्यापर्यंत आलेलं नाही. परत येताना तो आईचा हात धरून ढिगांमधून चालत होता, एवढं चुलतीनं पाहिलं.

दुपार कलल्यावर पोर पेज पिऊन उठलं आणि ही मंडळी तुळजापूरकडे निघाली. वाटेत माईनं आपलं आपण हिशोब केला: पाण्याचं एक घर, सदऱ्याचं दुसरं, बाजेचं तिसरं. “जोगव्याला पीठच पाहिजे असं कुठं सांगितलंय? आता दोन राहिली.” बायकोला तोपर्यंत जोगव्याचं फारसं काही ठाऊक नव्हतं, ती मुंबईत वाढलेली. तिनं मागच्या सीटवरून विचारलं, “माई, ती माळ मीही घालू शकते का?” माईनं कवड्यांची माळ आपल्या पिशवीतून काढून तिच्या हाती दिली.

नवरात्रातलं तुळजापूर म्हणजे माणसांचा पूर. संबळ वाजत असतो, पोत पेटलेले असतात, हळद-कुंकवानं पायऱ्या रंगलेल्या असतात, आणि बालाघाटाच्या उतारावर माणसं खाली देवळाकडे सरकत असतात. आजारी पोराला घेऊन त्या गर्दीत शिरायचं नाही असं आईनं ठरवलं, आणि ते योग्यच होतं. गोमुख नाही, कल्लोळ तीर्थ नाही. तिनं पुजाऱ्यांच्या घरी पोराला निजवलं. तुळजापूरला पुजाऱ्यांच्या घरी उतरायची जुनी रीत आहे, तिथं भाविकाला परकं वाटत नाही.

मग पुजाऱ्यांच्या गल्लीत तो परडी घेऊन उभा राहिला. शेजारी बायको, गळ्यात माळ घातलेली. थोरलीनं परडीची कड धरली होती. पहिल्या दाराशी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आतून एक म्हातारा बाहेर आला, त्यानं परडी बघितली, माणसाकडे बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन पीठ घेऊन आला. परडीत पीठ घालून झाल्यावर त्या म्हाताऱ्यानंच परडीला हात लावून नमस्कार केला. देणारा नमस्कार करतो हे थोरलीनं बघितलं. पुढच्या दाराशी बापाच्या आधी तीच खणखणीत आवाजात म्हणाली, “जोगवा वाढा माय!” आणि त्यानं तिच्या मागून तेच म्हटलं, मोठ्यानं.

त्या पिठाचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोर बरं असल्यानं दर्शनही झालं. निळी पिशवी सोलापूरला जशीच्या तशी मिळाली आणि ती परतीच्या विमानातून कोलोनला गेली. तिच्यात ओआरएसच्या पुड्या अजूनही असतात. लहान मुलांना घेऊन निघणाऱ्यानं त्या ठेवाव्यातच. आता तिच्याबरोबर एक परडीही असते.

पुढच्या नवरात्रात कोलोनला त्यांच्या इमारतीत थोरलीनं परडी घेतली. पाच घरं कुठली, हे तिनंच ठरवलं. एक तुर्की कुटुंब, एक केरळचं नर्स दांपत्य, दोन जर्मन घरं वरच्या मजल्यावरची आणि तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या वयस्क बाई. आईबापांना धाकधूक होती, की हे तिकडच्या लोकांना कसं समजावायचं. तळमजल्यावरच्या बाईंना समजवावं लागलं नाही. येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांचे अवशेष कोलोनच्या मोठ्या चर्चमध्ये आहेत अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, आणि दरवर्षी ६ जानेवारीच्या सुमारास मुलं मुकुट आणि झगे घालून, काठीवर तारा लावून घरोघर गात हिंडतात. त्यांना श्टेर्नझिंगर म्हणतात. ती दाराशी पैसे मागतात, ते जगातल्या गरजू मुलांसाठी जातात. आणि दारावर खडूनं त्या वर्षाचा आकडा आणि तीन अक्षरं लिहून पुढं जातात. जर्मनीत ही मोहीम १९५९ पासून चालू आहे. बाईंनी परडीकडे बघितलं, “म्हणजे तू आमच्यासारखीच आहेस, लहानपणी मीही तारा घेऊन फिरले आहे,” म्हणाल्या आणि पिठाची अख्खी पुडी आणून दिली.

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी घराची बेल वाजली. दारात त्या बाई उभ्या होत्या. इतकी वर्षं एकाच जिन्यानं ये-जा, पण त्या कधी वर आल्या नव्हत्या. बर्फावर घसरून त्यांचा उजवा हात मोडला होता, प्लास्टर होतं, आणि त्यांना एका बरणीचं झाकण उघडून हवं होतं.